एका रात्रीची कीर्ति

जलसा संपतांच “आज रंगला” किंवा “आज जमला नाहीं” असा निवाडा आपण सहज देतों. तो पुढें टिकतो काय? अमेरिकेंतील ‘ग्रेटफुल डेड’ ह्या वाद्यवृंदाचा इतिहास ह्या बाबतींत उद्बोधक आहे.

१९६५ सालीं कॅलिफोर्नियांत निघालेला हा वृंद तेंच गीत दर वेळीं निराळ्या विस्तारानें वाजवी. म्हणून रसिक गांवोगांव त्याच्यामागें जात, ध्वनिमुद्रणें करीत व आपसांत वांटीत. १९८४ पासून वृंदानेंच त्यांना सभागृहांत वेगळी जागा दिली.

१९७७ च्या वसंतांतील दौरा २२ एप्रिलला फिलाडेल्फियास सुरू झाला. त्याच्या १७ व्या दिवशीं, ८ मे रोजीं, कॉर्नेल विद्यापीठांत झालेला जलसा अनेकांनीं पुढें सर्वश्रेष्ठ ठरविला. २०१२ सालीं त्याचें मुद्रण राष्ट्रीय ध्वनिसंग्रहांत निवडलें गेल्याचें जाहीर झालें.

परंतु ह्या कीर्तीस केवळ वादन कारण नव्हे. बेटी कँटर-जॅक्सन ह्या बाईंनीं केलेलें तें मुद्रण अत्यंत सुस्पष्ट होतें. १९८६ सालीं त्यांच्या मुद्रणांचा सांठा लिलावांत गेल्यावर त्याच्या प्रती रसिकांत पसरल्या. दुसऱ्या दिवशींचा बफेलो येथील जलसाच सरस, असें म्हणणारे जाणते आजही आहेत.

वर्गांत मी मुलांस सांगत असें : पुरावा उरला तेवढाच इतिहास घडला, असें समजूं नका. ज्या रात्रीं चांगलें यंत्र हजर नव्हतें, त्या रात्रींही कोणी तरी जीव ओतून वाजविलेंच असेल. निवाडा देतांना त्या मुक्या रात्रींचें स्मरण ठेवावें.