देवळाचा मुखमंडप, जमीनदाराचे घर

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात केडल्स्टन हॉल नावाचे एक घर आहे. उत्तरेकडून त्याच्यासमोर उभे राहिले की मधोमध सहा उंच कोरिंथियन खांब, त्यांच्यावर त्रिकोणी माथा आणि वर चढत जाणारा दुहेरी जिना दिसतो. दोन्ही अंगांनी वळणदार मार्गिका निघतात आणि त्यांच्या टोकांना एकेक स्वतंत्र इमारत आहे. मधला भाग पाहून एखादे रोमन देऊळच वाटावे. बांधले मात्र ते एका जमीनदाराने, आपल्या इतमामासाठी. जॉर्जियन काळात, म्हणजे 1714 ते 1830 या चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीत, असा मुखमंडप इंग्लंडमधल्या कितीतरी ग्रामीण प्रासादांना लागला. देवळाचे हे अंग घराला कसे जोडले गेले, याचा माग इटलीतल्या एका पाथरवटापर्यंत पोहोचतो.

आंद्रेआ पॅलाडिओ 1508 साली पादुआत जन्मला. दगडकामात तयार होऊन तो व्हिचेंझात वास्तुकार झाला आणि रोमला जाऊन त्याने जुने अवशेष मोजले. देवळे, स्नानगृहे, विजयकमानी अजून उभ्या होत्या. प्राचीन रोमन माणसाचे राहते घर बाहेरून कसे दिसत असे, हे सांगणारे मात्र त्याच्यापुढे फारसे काही नव्हते. तेव्हा त्याने तर्क लढवला. माणसाने आधी घर बांधले असणार, देऊळ नंतर. म्हणजे देवळाच्या दारावरचा त्रिकोणी माथा घरावरूनच तिथे गेला असणार. तर मग तो घराला परत देण्यात गैर काय?

तर्क चुकला होता. 1748 पासून पाँपेई या प्राचीन रोमन शहरात खणती सुरू झाली तेव्हा रस्त्याकडे साध्या भिंती आणि आत चौक अशी घरे वर आली. पण तोवर दोनशे वर्षे उलटली होती आणि पॅलाडिओचा मुखमंडप युरोपभर फिरून आला होता.

पॅलाडिओचे यजमान बहुतेक व्हेनिसचे आणि व्हिचेंझाचे सरदार. व्हेनिसचा पैसा तेव्हा मुख्य भूमीवरच्या शेतीत उतरत होता. त्यामुळे पॅलाडिओचे अनेक व्हिला हे शेतावरचे वाडेच होते. मधे मालकाचे घर, त्याला देवळाचा दर्शनी भाग आणि दोन्ही बाजूंना पसरलेल्या पडव्यांत धान्य, अवजारे, जनावरे. या घरांचे नकाशे मापांसकट त्याने 1570 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या वास्तुकलेवरच्या चार भागांच्या ग्रंथात दिले. इमारती जागच्या हलत नाहीत, पण ग्रंथ हलतो. पुढचा सगळा इतिहास त्या ग्रंथामुळे घडला.

इनिगो जोन्स हा इंग्लिश वास्तुकार 1613-14 मध्ये इटलीत हिंडला, तो हा ग्रंथ बरोबर घेऊनच. प्रत्यक्ष इमारतीसमोर उभा राहून तो नकाशा ताडून पाही आणि समासात टिपणे करी. ती प्रत ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात आजही आहे. ग्रीनिचचे ‘क्वीन्स हाऊस’ हे त्या अभ्यासाचे फळ. मात्र यादवी युद्धाने राजदरबारच उधळला आणि ही वाट मधेच थांबली.

ती पुन्हा चालू लागली 1715 मध्ये. त्या साली कोलेन कॅम्बेलने ब्रिटिश इमारतींच्या आराखड्यांचा पहिला खंड काढला आणि जाकोमो लिओनी याने पॅलाडिओच्या ग्रंथाचे इंग्रजी रूप प्रसिद्ध करायला सुरुवात केली. सत्तेवर आलेल्या व्हिग पक्षाच्या सरदारांना नक्षीने लदलेली बरोक शैली नकोशी झाली होती. तिला कॅथलिक युरोपच्या अनियंत्रित राजसत्तेचा वास येत होता. मोजूनमापून बांधलेले, संयमी, रोमन प्रजासत्ताकाची आठवण देणारे घर त्यांना हवे होते. लॉर्ड बर्लिंग्टनने 1720च्या दशकात लंडनजवळ चिझिक येथे असे घर स्वतःच आखले.

केडल्स्टनचे काम सुरू झाले तेव्हा हे वळण रुळलेले होते. नॅथॅनिएल कर्झन याच्याकडे 1758 साली जहागीर आली. त्याने आधी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम, मग जेम्स पेन यांना काम दिले. पेनचा आराखडा पॅलाडिओच्या व्हिला मोचेनिगोवर बेतलेला होता: मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार उपगृहे. बांधून झाली दोनच. एकात कुटुंबाच्या रोजच्या राहण्याच्या खोल्या, दुसऱ्यात स्वयंपाकघर. इटलीत जिथे धान्य साठत होते तिथे आता चुली पेटल्या, आणि धूर, वास व आगीचे भय मुख्य घरापासून दूर राहिले.

मग 1760 मध्ये सूत्रे रॉबर्ट अ‍ॅडम या स्कॉटिश वास्तुकाराकडे आली. केवळ पॅलाडिओवर विसंबणारी ही पिढी नव्हती. 1757 मध्ये अ‍ॅडम अ‍ॅड्रिआटिक किनाऱ्यावरच्या स्प्लिट गावी जाऊन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा मोजून आला होता, कारण त्याला रोमन देवळापेक्षा रोमन निवासस्थान पाहायचे होते. केडल्स्टनची दक्षिण बाजू त्याने रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतली. उत्तरेच्या दारातून आत गेले की वीस अलाबास्टरी खांबांचा मार्बल हॉल लागतो आणि त्यापलीकडे रोममधल्या पँथिऑन देवळासारख्या घुमटाचा गोल दिवाणखाना.

या डौलाची किंमत इतरांनीही मोजली. घरापुढचे दृश्य मोकळे व्हावे म्हणून केडल्स्टन गाव हलवले गेले. जागी राहिले ते फक्त जुने चर्च. अशा इतर घरांचा पैसा तर आणखी दुरून आला. यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाऊसमागे वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर होती, तर बर्कशरमधल्या बॅसिल्डन पार्कमागे ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस साइक्सने बंगालमध्ये कमावलेली संपत्ती.

बंगालचा पैसा इंग्लंडला गेला आणि केडल्स्टनचा आराखडा बंगालमध्ये आला. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीसाठी कॅप्टन चार्ल्स वायट याने 1799 ते 1803 या काळात कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाऊस बांधले, ते केडल्स्टनवरून. वायटच्याच घराण्यातला सॅम्युअल वायट केडल्स्टनच्या बांधकामावर देखरेखीला होता. दगडाऐवजी विटा आणि चुन्याचा गिलावा वापरला गेला, आणि डर्बीशरमध्ये दोनावरच थांबलेली चारही उपगृहे हुगळीच्या काठी पुरी झाली. पुढे 1899 मध्ये व्हाइसरॉय म्हणून तिथे राहायला आलेला लॉर्ड कर्झन जन्मला होता केडल्स्टनमध्येच.

इंग्लिश लेखक सॅम्युअल जॉन्सनने 1777 मध्ये केडल्स्टन पाहिले, तेव्हा हे घर नगरभवन म्हणून उत्तम शोभेल, असा शेरा त्याने मारला. त्यात कौतुक नव्हते. पण मुखमंडप पुढे खरोखरच त्या दिशेने गेला. मुंबईत कर्नल थॉमस कूपरच्या आराखड्यानुसार 1833 मध्ये टाऊन हॉल पुरा झाला. तीस पायऱ्यांच्या त्या इमारतीत आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. तिथले खांब मात्र केडल्स्टनसारखे कोरिंथियन नाहीत. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट यांनी अथेन्सच्या अवशेषांची मोजमापे 1762 पासून प्रसिद्ध केली, त्यानंतर इंग्लिश वास्तुकारांची नजर हळूहळू रोमकडून ग्रीसकडे वळली. मुंबईच्या फोर्ट भागातल्या टाऊन हॉलचे ते जाड, पन्हाळीदार डोरिक खांब त्याच बदललेल्या आवडीतून आले.