प्रकृतीसाठी थोडीशी

महाराष्ट्रात मद्य प्राशन करावयाचे तर कायद्याने परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांनी त्या परवान्याची भाषा क्वचितच वाचलेली असते. धारकाला त्याच्या आरोग्याच्या जतनासाठी आणि रक्षणासाठी मद्य बाळगण्यास व सेवन करण्यास मुभा देण्यात येत आहे, असा त्या मजकुराचा आशय आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे हे अपत्य. बंदी पुढे शिथिल झाली, दुकाने उघडली, अबकारी महसूल हा राज्याच्या तिजोरीचा एक खांब झाला. पण आनंदासाठी पिणारा नागरिक त्या कायद्याला अजून भेटलेलाच नाही. त्याच्या लेखी सगळे पिणारे प्रकृतीसाठी पितात. दुसरीकडे, २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या मद्याच्या प्रत्येक बाटलीवर मद्यसेवन आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. म्हणजे परवाना एक सांगतो आणि बाटली दुसरे.

या विसंगतीला हसून पुढे जाणे सोपे आहे. आम्हांला ती अधिक गंभीर वाटते. मद्य, आणि त्यातही द्राक्षांचे मद्य, औषध म्हणून पिण्याची कल्पना फार जुनी आहे. ती दर काही शतकांनी नव्या शास्त्राची वस्त्रे नेसून परत येते. तिचा इतिहास बराचसा शब्दांचा इतिहास असल्यामुळे तो साहित्याच्या अभ्यासकांनी वैद्यांवर सोपवून मोकळे होऊ नये, असे आमचे मत आहे.

आरंभ चरकापासून करणे भाग आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत आणि फळांपासून होणाऱ्या आसवांत मृद्वीकेचे, म्हणजे द्राक्षाचे, आसव आहे. त्याच अध्यायात निरनिराळ्या गुणांत श्रेष्ठ असलेल्या गोष्टींची एक लांबलचक यादी येते. मन प्रसन्न करणाऱ्या गोष्टींत मद्य श्रेष्ठ, असे ती सांगते. आणि बुद्धी, धैर्य व स्मृती हरण करणाऱ्यांत मद्याचा अतिरेक श्रेष्ठ, असेही तीच यादी सांगते. दोन्ही विधाने एका श्वासात. आजच्या वर्तमानपत्री आरोग्यसदरात यांपैकी एकच विधान एका दिवशी येते आणि दुसरे सहा महिन्यांनी, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

चिकित्सास्थानातील मदात्ययाचा अध्याय तर प्रत्येक वाङ्मयप्रेमीने वाचावा असा आहे. देवांनी पूजिलेल्या, सौत्रामणी यज्ञात स्थान असलेल्या सुरेच्या स्तुतीने तो सुरू होतो. पुढे प्यावे कसे याचे वर्णन येते: शरीर शुद्ध असावे, वस्त्रे निर्मळ, अंगाला ऋतूनुसार सुगंधी उटी, गळ्यात माळा, भोवती मनासारखे मित्र, हाती सोन्यारुप्याचे पात्र, सोबत स्निग्ध आणि रुचकर आहार. कोणत्या प्रकृतीला कोणते मद्य मानवते हेही सांगितले आहे. वातप्रधान माणसाला गुळाचे किंवा पिठाचे, कफपित्ताच्या माणसाला द्राक्षाचे किंवा मधाचे. मग मदाच्या तीन अवस्था: पहिली सुखाची, दुसरी डळमळीची आणि तिसरी मोडून पडलेल्या झाडासारखी. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या मधल्या पट्ट्यात शहाण्याने पाऊल टाकू नये, असा इशारा आहे. मद्य स्वभावतः अन्नासारखेच, युक्तीने घेतले तर अमृत, अयुक्तीने घेतले तर रोग, हा या अध्यायाचा गाभा मानला जातो आणि आसवांच्या जाहिरातींपासून वाइन महोत्सवांच्या पत्रकांपर्यंत त्याचाच आधार शोधला जातो.

अध्यायाचा शेवट मात्र कोणी फारसा सांगत नाही. ज्याने इंद्रिये जिंकून सर्व प्रकारच्या मद्यांपासून निवृत्ती घेतली, त्याला शारीरिक आणि मानसिक विकार गाठत नाहीत, असे चरक जाता जाता म्हणतो. शिवाय मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांना विरोधी आहेत, हेही त्याच अध्यायात आहे. आणि पुढे माधवनिदानात तर विषाचे जे गुण तेच मद्यातही असतात, असे स्पष्ट नोंदले गेले. परंपरेला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. निवड आपण केली.

भाषांतरानेही आपला वाटा उचलला आहे. पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, नुसते पाणी पिऊ नकोस, पोटासाठी आणि वारंवार येणाऱ्या दुखण्यांसाठी थोडी वाइन घे, असा सल्ला आहे. पाश्चात्त्य जगात वाइनच्या वैद्यकीय समर्थनासाठी या वाक्याइतके दुसरे कोणतेच वाक्य वापरले गेले नसावे. मराठी बायबलमध्ये तेथे ‘द्राक्षारस’ हा शब्द आहे. द्राक्षारस म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुलांना देण्याचा पेला येतो. शब्द नुसता बदलला आणि मद्याचे सरबत झाले! मद्य, मदिरा, सुरा, वारुणी, आसव, दारू, वाइन: मराठीत या शब्दांचे अर्थ जितके वेगळे नाहीत तितकी त्यांची प्रतिष्ठा वेगळी आहे. माधव जूलियनांनी फिट्झजेरल्डच्या मार्गाने उमर खय्याम मराठीत आणला तेव्हा त्या पुस्तकाला ‘द्राक्षकन्या’ हे नाव दिले. १९३१ साली एखाद्या मराठी प्राध्यापकाने कवितासंग्रहाला ‘दारू’ असे नाव दिले असते काय?

एकोणिसाव्या शतकात विलायती वैद्यक आले आणि त्याबरोबर ब्रँडी व पोर्ट औषधाच्या कपाटात आली. ताप, न्यूमोनिया, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळ्यांवर उत्तेजक म्हणून मद्य देण्याची त्या काळच्या युरोपीय डॉक्टरांची सर्रास रीत होती. लुई पाश्चरने १८६६ च्या आपल्या ग्रंथात वाइनला सर्व पेयांत आरोग्यदायी ठरवले. त्या काळी शहरांचे पाणी पिणे हाच एक धोका होता, हे ध्यानात घेतले तर त्याचे म्हणणे वेडगळ वाटत नाही. आपल्याकडे मात्र याच सुमारास सरकारने १८७८ चा अबकारी कायदा आणला, आणि १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यात नीतीबरोबर आरोग्याचाही मुद्दा होता. १९०८ साली टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. रंगभूमीवर १९१३ मध्ये खाडिलकरांचा ‘विद्याहरण’मधला शुक्राचार्य आणि २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराच्या आत, ‘एकच प्याला’.

‘एकच प्याला’कडे आपण दारूबंदीचे नाटक म्हणून पाहण्यास इतके सरावलो आहोत की, त्याचे वैद्यकीय अंग दुर्लक्षित राहते. तळीराम सुधाकरापुढे पहिला प्याला धरतो तो चैन म्हणून नव्हे, चिंतेवरचा उतारा म्हणून. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांची जी हास्यास्पद जुगलबंदी होते तिच्यात दोन्ही शास्त्रांची फजिती आहे. आणि अखेरीस सुधाकर दारूतच विष मिसळून पितो. ज्या पेल्याने औषधाचे सोंग घेतले होते तो उघडपणे विषाचा होतो. नाटकाचे शीर्षकच प्रमाणाविषयी आहे, हे विसरू नये. चरकाच्या ‘युक्ती’ला गडकऱ्यांनी दिलेले ते उत्तर आहे: ही युक्ती पाळणार कोण, आणि पहिल्या प्याल्यानंतर ती पाळणारा शिल्लक राहतो का?

यानंतर सत्तर वर्षांनी ‘थोडीशी प्रकृतीसाठी’ ही कल्पना जगभर पुन्हा तरारली ती फ्रान्सच्या निमित्ताने. लोणी, चीज, मांस भरपूर खाऊनही फ्रेंचांना हृदयविकाराने मरण कमी येते, हा ‘फ्रेंच विरोधाभास’. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याचे श्रेय लाल वाइनला देण्याची कल्पना घरोघर पोहोचवली आणि तेथे लाल वाइनची विक्री झपाट्याने वाढली. पुढच्या वर्षी सर्ज रनो आणि मिशेल द लोर्जरिल यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. गंमत अशी की, त्याच १९९१ च्या जानेवारीत खुद्द फ्रान्सने मद्याच्या जाहिरातींना लगाम घालणारा एव्हाँ कायदा केला होता. यकृताच्या सिरोसिसने किती माणसे जातात हे त्या देशाला चांगले ठाऊक होते. १९६० च्या सुमारास दरडोई वर्षाला शंभर लिटरांहून अधिक वाइन पिणारा हा देश आज पन्नास लिटरांच्या आत आला आहे. अमेरिकेने फ्रेंचांकडून ही सवय उचलली ती फ्रेंच लोक ती सोडत असताना.

विरोधाभासाचे पुढे काय झाले? १९८८ मध्येच शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील पाहणीच्या आधारे एक साधी शंका काढली होती. ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची गणना होते त्यांत पुष्कळ जण आजारपणामुळे पिणे सोडलेले असतात. त्यांच्याशी तुलना केली तर माफक पिणारा निरोगी दिसणारच. १९९९ मध्ये लॉ आणि वॉल्ड यांनी दाखवले की, फ्रान्समध्ये हृदयविकाराच्या मृत्यूंची नोंदच काही अंशी कमी होत होती, आणि चरबीयुक्त आहार तेथे उशिरा वाढल्याने त्याचे परिणामही उशिराने दिसणार होते. लाल द्राक्षांच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल या द्रव्याने काही वर्षे आशा जागवली. परंतु उंदरांना दिलेली मात्रा माणसाने वाइनमधून घ्यायची तर रोज शेकडो लिटर प्यावी लागेल, आणि त्या संशोधनातील एका मोठ्या प्रयोगशाळेची आकडेवारी बनावट असल्याचे तिच्याच विद्यापीठाने २०१२ मध्ये जाहीर केले.

आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला डेन्मार्कमधील अभ्यास. संशोधकांनी रोगी तपासले नाहीत, सुपरमार्केटच्या पावत्या तपासल्या. वाइन घेणाऱ्यांच्या पिशवीत ऑलिव्ह, फळे, भाज्या अधिक आढळल्या. बिअर घेणाऱ्यांच्या पिशवीत तयार जेवण, साखर, सॉसेज. आता चरकाचा तो माळा घातलेला, उटी लावलेला, मित्रांत बसून उत्तम आहारासह चांदीच्या पात्रातून पिणारा पुरुष आठवावा. त्याची प्रकृती चांगली होती याचे श्रेय पात्रातील द्रवाला द्यायचे की पात्राला? दोन हजार वर्षे आपण त्या श्रीमंत पुरुषाचे आरोग्य मोजत आलो आणि त्याची कारणे पेल्यात शोधत आलो.

२०१९ मध्ये चीनमधील पाच लाख लोकांच्या दीर्घ अभ्यासातून, जनुकीय फरकांचा आधार घेऊन, निष्कर्ष निघाला की माफक मद्याने पक्षाघातापासून संरक्षण मिळत नाही. मद्य वाढेल तसा धोका वाढतच जातो. कर्करोगाबद्दल तर फारसा वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्य पेयांना १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. त्यात वाइनला सवलत नाही, कारण शरीर इथेनॉल ओळखते, द्राक्ष ओळखत नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नसल्याचे निवेदन काढले. हृदयविकाराच्या एका प्रकारापुरता माफक मद्याचा थोडा लाभ मानणारे संशोधक अजून आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण त्यासाठी न पिणाऱ्याने पिणे सुरू करावे, असे त्यांच्यातही सहसा कोणी म्हणत नाही.

महाराष्ट्रात वाइनची लाट आली ती नेमकी या दोन टोकांच्या मध्ये. नारायणगावच्या इंडेज कंपनीने आपल्या फेसाळ वाइनला ‘ओमर खय्याम’ हे नाव दिले होते. पुढे नाशिकचे मळे, आणि २००१ चे राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण. सांगली-नाशिकच्या बागायतदाराला गारपिटीत आणि पडेल भावात एक दुसरी वाट हवी होती, आणि ती मागणी खोटी नव्हती. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा संजय राऊत यांनी वाइन म्हणजे दारू नव्हे असे सांगितले, आणि अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. शेतकऱ्याचे उत्पन्न हा प्रश्न शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा म्हणून मांडता आला असता. त्यासाठी शब्दाचा अर्थ बदलण्याची गरज का पडावी, हे आम्हांला तेव्हाही कळले नाही.

द्राक्षासवाची बाटली मात्र या साऱ्या वादांतून अलगद निसटली. आंबवण्यातून तिच्यात आपोआप उतरणारा मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्के असतो, म्हणजे बिअरइतका किंवा थोडा अधिक. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा बहुतांशी उचलून धरला, पण मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी अवैध ठरवली. ती बाटली आजही औषधांच्या दुकानात परवान्याशिवाय मिळते. जेवणानंतर समभाग पाण्यातून दोन चमचे, असे सांगून वैद्य ती देतात आणि घरातली मोठी माणसे नातवंडांसमोर ती घेतात.