तुफान सेना
सातारच्या प्रतिसरकारची (१९४३–४६) तरुण स्वयंसेवकांची लढाऊ संघटना. तिचे केंद्र कुंडल हे गाव. ते त्या वेळी औंध संस्थानात होते. आता सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये म. गांधींच्या सल्ल्याने प्रजेस स्वराज्याची घटना दिली व गावोगावी निवडलेल्या पंचायती आल्या. संस्थानी कारभार राष्ट्रीय चळवळीस अनुकूल असल्यामुळे १९४२ नंतर भूमिगतांना या मुलखात आसरा मिळे. सेनेचे नेते जी. डी. (बापू) लाड व कॅप्टन रामचंद्र लाड तेव्हा अवघ्या विशीत होते. पगाराची रक्कम नेणारी आगगाडी सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ अडवून लुटली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांच्यासारख्या तरुणीही या कार्यात होत्या; मात्र त्यांची संख्या थोडी होती.

तरुणांच्या मागण्यांचे अर्ज करणारी ही संघटना नव्हती. तरीही त्यांचे हितसंबंध तिच्या कार्यात उतरले. चावडीवर पाटील, सावकार व वडीलधारे यांचा शब्द चाले. कर्जबाजारी कुळाच्या मुलास तेथे बोलण्याची सोय नव्हती. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी सावकारी जाच, दारू व गुंडगिरी यांविरुद्ध निवाडे दिले आणि त्यांच्या अंमलबजावणीमागे सेनेचे बळ उभे राहिले. अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ हे याचे बोलके उदाहरण होय. लग्नासाठी काढलेले कर्ज बापाच्या नावे असले, तरी ते फेडण्यात तारुण्य खर्ची पडे ते मुलाचेच. येथे गावाचे हित व तरुणाचे हित वेगळे राहिले नाही.

या अधिकारास दुसरी बाजूही होती. औंधच्या पंचायतीमागे मतदान होते. सेनेच्या काठीमागे ते नव्हते. ‘पत्री सरकार’ या लोकप्रचलित नावाशी पायांना पत्रे ठोकण्याच्या कथा जोडल्या गेल्या. प्रत्यक्षात शिक्षा मुख्यतः तळपायांवर काठी मारण्याची असे. तथापि तिचा धाक खरा होता.

१९४६ मध्ये भूमिगत लढा थांबला व १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. अनेक कार्यकर्ते पुढे शेतकरी कामगार पक्षात गेले. भारतीय संविधानाने (१९५०) मताधिकाराचे वय २१ ठरविले. एकसष्टाव्या दुरुस्तीने ते १९८९ मध्ये १८ वर आले.