सबस्टन्स : गाडीतल्या सीडी प्लेअरसाठी

गेले तीन शनिवार मी एकच अल्बम ऐकतोय. घरचे वैतागलेत, शेजारी बोलत नाहीत पण बघतात. अल्बम १९८७ सालचा, म्हणजे माझ्या जन्माच्या बराच आधीचा. बँड मँचेस्टरचा, नाव 'न्यू ऑर्डर'. अल्बमचं नाव 'सबस्टन्स'.

आधी कबूल करतो, 'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं. दिवाळीत दुकानात गिफ्ट पॅक येतात ना, आत तोच नेहमीचा माल, फक्त वरचा कागद चकचकीत, तसंच हे काहीतरी असणार असं वाटायचं. बँडचं डोकं चालेनासं झालं, कंपनीला पैसे हवेत, मग जुनी बारा गाणी एकत्र करा आणि विका. बहुतेक वेळा तसंच असतंही. 'सबस्टन्स' तसा नाही, आणि का नाही हे शोधता शोधता मी एका भलत्याच गोष्टीत शिरलो. त्यात एक मृत्यू आहे, एक बग आहे, एक फ्लॉपी आहे आणि कागदपत्रं न करता चालवलेली एक कंपनी आहे.

गोष्ट सुरू होते 'जॉय डिव्हिजन' या बँडपासून. गायक इयन कर्टिस. १८ मे १९८० ला, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्याच्या तोंडावर, त्याने आत्महत्या केली. वय २३. मागे राहिले तिघे: गिटारवर बर्नार्ड समनर, बेसवर पीटर हूक, ड्रम्सवर स्टीफन मॉरिस. आपल्यातला एक गेला तर हे नाव पुढे वापरायचं नाही असं त्यांचं आधीच ठरलं होतं. नाव बदललं, 'न्यू ऑर्डर' झाले. काही महिन्यांत मॉरिसची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट कीबोर्ड आणि गिटारवर आली (पुढे त्यांनी लग्नही केलं). गायक कोणी नव्हता. तिघांनीही गाऊन पाहिलं आणि शेवटी ते काम समनरच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हेच बरोबर, कारण त्याचा गळा काही गवयाचा नव्हे.

'सबस्टन्स'मधलं पहिलं गाणं 'सेरेमनी'. हे कर्टिसच्या अगदी शेवटच्या दिवसांतलं, त्याच्याबरोबर बसवलेलं गाणं. पण त्याचे शब्द कुठे लिहून ठेवलेलेच नव्हते! होती ती तालमीची एक खराब टेप. ती ग्राफिक इक्वलायझरमधून पुन्हा पुन्हा फिरवून, बाकीचा गोंगाट दाबून, आपल्या गेलेल्या मित्राचे शब्द त्यांनी ऐकून ऐकून उतरवून घेतले. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड, लिहिणारा माणूस निघून गेलेला, अशा ठिकाणी आपण सगळेच कधी ना कधी अडकलेलो असतो. पण तो माणूस असा गेलेला नसतो...

हे गाणं १९८१ मध्ये दोनदा आलं. आधी तिघांनी वाजवलेलं, मग काही महिन्यांनी गिल्बर्टला घेऊन पुन्हा केलेलं. बारा इंची रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर दोन्हीला एकच! व्हर्शन नंबर न बदलता नवीन बिल्ड टाकून दिली म्हणा. 'सबस्टन्स'वर आहे ती दुसरी आवृत्ती. म्हणजे संग्रह सुरूच होतो चौघांपासून. जॉय डिव्हिजनच्या गाण्यांना इथे जागा नाही, त्यांचा 'सबस्टन्स' वेगळा, १९८८ मध्ये निघाला.

आता या संग्रहाची गरज का पडली ते बघा. त्या काळी न्यू ऑर्डरची एक चमत्कारिक सवय होती. सिंगल म्हणून निघालेली गाणी ते बहुतेक वेळा अल्बमवर टाकतच नसत. लोकांनी एका गाण्यासाठी दोनदा पैसे का द्यावेत, असा विचार. ग्राहकाच्या दृष्टीने कौतुकास्पद, पण परिणाम असा की त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम अल्बमवर नव्हतंच. ते होतं बारा इंची सिंगल्सवर. साध्या सात इंची सिंगलवर तीन-चार मिनिटांचं गाणं मावतं. बारा इंचीवर खाचांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे आवाज मोठा आणि बेस भरदार येतो. गाणं सात-आठ मिनिटं चाललं तरी हरकत नाही. नाचाच्या क्लबांसाठी ही चीज. मँचेस्टरच्या पावसाळी, उदास रॉकमधून आलेली ही मंडळी न्यूयॉर्कचे क्लब बघून आली आणि मशीनच्या नादी लागली. न्यू वेव्ह, पोस्ट-पंक, सिंथ-पॉप, काय म्हणायचं ते म्हणा. एवढं खरं की गिटारवाला रॉक आणि मशीनवरचा डान्स यांची सोयरीक जमवणाऱ्यांमध्ये ही चौकडी पुढे होती.

आणि त्या सोयरिकीचा मुहूर्त म्हणजे 'ब्लू मंडे', मार्च १९८३. साडेसात मिनिटं.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे गाणं म्हणजे आपल्याच धंद्यातली गोष्ट आहे. समनरने 'पॉवरट्रॅन १०२४' नावाचा सिक्वेन्सर किट आणून स्वतः जोडला होता. सिक्वेन्सर म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याची यादी ठेवणारं यंत्र. स्क्रीन वगैरे काही नाही, एकेक पायरी आकड्यांनी भरायची. ते काम गिल्बर्टचं. तिने कागदाला कागद चिकटवून एक लांबच लांब पट्टा केला आणि त्यावर सगळा क्रम लिहून काढला, विणकामाच्या नमुन्यासारखा. मग तो यंत्रात भरताना एक सूर गळला. झालं, धून तालापासून किंचित सरकली! क्लासिक ऑफ-बाय-वन. ऐकल्यावर त्यांना तेच आवडलं आणि तसंच ठेवलं. जगभर नाचलं गेलेलं ते गाणं त्या बगसकट प्रॉडक्शनला गेलं. 'बग नाही, फीचर आहे' हे वाक्य आम्ही क्लाएंटला लाजत लाजत सांगतो. इथे ते शंभर टक्के खरं आहे.

ड्रम्स 'ओबरहाइम डीएमएक्स' या मशीनवर. सांगतात की मॉरिसने ताल मस्त बसवला होता आणि त्याच्याच पायाने प्लग निघाला. सगळं गेलं, पुन्हा बसवावं लागलं. बॅकअप अर्थातच नव्हता. मागे ऐकू येणारा तो गूढ कोरस 'क्राफ्टवर्क' या जर्मन बँडच्या एका ट्रॅकमधून उचललेला आहे. बाकीचंही बरंच इकडून तिकडून घेतलंय आणि समनरने ते मोकळेपणाने सांगितलंय: इथला बीट डोना समरचा, तिथली रचना एका इटालियन डिस्को रेकॉर्डची. गंमत म्हणजे हे गाणं करण्यामागे एक आळशी हेतूही होता. कार्यक्रम संपल्यावर 'वन्स मोअर' द्यायला त्यांना आवडत नसे. बटण दाबून निघून जाता येईल असं काहीतरी हवं होतं. ऑटोमेशनचं यापेक्षा प्रामाणिक कारण मी तरी ऐकलेलं नाही.

मग ती फ्लॉपी. सगळी कव्हर्स करणारा डिझायनर पीटर सॅव्हिल बँडला भेटायला गेला असताना त्याला तिथे सवा पाच इंची फ्लॉपी दिसली. त्यांच्या सॅम्पलरमध्ये ती घालत. ही वस्तू त्याने पहिल्यांदाच हातात घेतली. (माझ्या पिढीने फ्लॉपी पाहिली ती 'सेव्ह'च्या चित्रात, तेव्हा आमची ओळख उलट्या बाजूने.) त्याने कव्हरच फ्लॉपीसारखं केलं, मधोमध भोकं पाडून. वर बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही, कडेला नुसते रंगांचे ठोकळे. त्या रंगांत नाव दडवलेलं, आणि किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या मागच्या बाजूला! भोकं पाडण्याचा खर्च इतका आला की सुरुवातीच्या प्रत्येक रेकॉर्डमागे कंपनीला नुकसान झालं म्हणतात. किती पेन्स, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पुढच्या छपाईत भोकं बंद केली. ब्रिटनमध्ये सगळ्या आवृत्त्या मिळून हे गाणं दहा लाखांवर खपलं.

आणि ही कंपनी तरी कशी! 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'. टीव्हीवर काम करणारा टोनी विल्सन हा तिचा चेहरा. यांची नंबर देण्याची हौस बघून मला आमचं टिकेटिंग टूल आठवतं. पहिलं पोस्टर 'फॅक १', बँडच्या पैशांवरही उभा राहिलेला 'हासिएंडा' हा नाइट क्लब 'फॅक ५१', त्यांचाच प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट याने कंपनीवर केलेला खटला 'फॅक ६१', क्लबमधलं मांजर 'फॅक १९१'. विल्सन २००७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला 'फॅक ५०१' दिला. 'सबस्टन्स'चा नंबर 'फॅक्ट २००'.

त्याचं कारणही विल्सन असंच सांगतात. त्याने नवी जॅग्वार घेतली, तिच्यात सीडी प्लेअर होता, आणि न्यू ऑर्डरचे सगळे सिंगल्स त्याला गाडीत ऐकायचे होते. सीडी तेव्हा नवी चीज. बारा इंची रेकॉर्ड गाडीत वाजत नाही. म्हणून हा अल्बम! ऑगस्ट १९८७ ला बाहेर आला, बारा गाणी, १९८१ ते १९८७ क्रमाने. ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत प्लॅटिनम झाला. तिकडच्या कित्येकांना हा बँड कळला तो या अल्बममुळेच.

पण हा क्रम सरळ इतिहास नाहीये, आणि मला सर्वांत जास्त खटकतं (आणि आवडतंही) ते हेच. 'टेम्प्टेशन' १९८२ चं आणि 'कन्फ्युजन' १९८३ चं, दोन्ही १९८७ मध्ये पुन्हा रेकॉर्ड करून इथे घातली. एका सीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून 'द पर्फेक्ट किस'चा शेवट छाटला, 'शेलशॉक' आणि 'सब-कल्चर' आखूड केली. ज्या लांबीसाठी बारा इंचीचा सगळा खटाटोप, तीच लांबी कापली. गिटच्या भाषेत, हे रीबेस आहे: जुन्या तारखा तशाच ठेवून आतली कमिट्स बदललेली. मूळ 'टेम्प्टेशन'मध्ये सुरुवातीला समनरची एक किंकाळी आहे. रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी त्याच्या शर्टात बर्फ कोंबला होता म्हणे. १९८७ ची आवृत्ती स्वच्छ, नेटकी आहे. मला बर्फवाली जवळची वाटते.

शेवटचं गाणं 'ट्रू फेथ' मात्र कोरं करकरीत, या संग्रहासाठीच केलेलं. सिंगल म्हणून ब्रिटनमध्ये चौथं आलं. गायक गमावलेल्या माणसांनी टेपवरून उतरवलेल्या शब्दांपासून सुरुवात करून सात वर्षांत गाठलेला हा पल्ला. दोन्ही टोकं पाठोपाठ ऐका, एकच बँड आहे यावर विश्वास बसत नाही. पण मधली दहा ऐकलीत की बसतो.

पैशांचं काय झालं? क्लबने खाल्ले. हासिएंडा पुढे जगप्रसिद्ध झाला, गर्दीही तुडुंब, पण एक्स्टसीच्या काळात आलेली पोरं बारमध्ये दारूऐवजी पाणी मागायची. तोट्याचे खड्डे रेकॉर्डच्या पैशांतून भरले जात होते. १९९२ मध्ये फॅक्टरी बुडायला आली तेव्हा 'लंडन रेकॉर्ड्स' विकत घ्यायला तयार होती. मग एक जुना कागद पुढे आला. फॅक्टरीने सुरुवातीला मोठ्या तत्त्वाने लिहून ठेवलं होतं की संगीत कलाकारांच्या मालकीचं, कंपनीचं काहीच नाही. म्हणजे विकायला काय होतं? नाव आणि कर्ज. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरी बंद पडली आणि लंडनने सरळ न्यू ऑर्डरलाच करारबद्ध केलं. ज्या माणसाच्या गाडीसाठी 'सबस्टन्स' निघाला, त्याच्या कंपनीचा तो कधी नव्हताच!

तत्त्व म्हणून मला ते अजूनही आवडतं. माझ्या कंपनीच्या करारात मी शनिवारी लिहिलेल्या कोडवरही त्यांचा हक्क आहे असं वाचल्यापासून तर जास्तच.

बँडचंही पुढे फार बरं झालं नाही. हूक २००७ मध्ये बाहेर पडला, पैशांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१७ मध्ये तडजोड झाली. २०२३ मध्ये 'सबस्टन्स' नव्याने निघाला. त्याच्या मोठ्या संचात सप्टेंबर १९८७ चा कॅलिफोर्नियातला कार्यक्रम आहे, ज्यात त्यांनी हा अख्खा अल्बम त्याच क्रमाने स्टेजवर वाजवला होता.

तोही ऐकला. पण मी पुन्हा पुन्हा जातो ते चौथ्या गाण्याकडेच. हेडफोन लावून, डोळे मिटून, तो गळलेला सूर नेमका कुठे गळलाय ते शोधतोय. अजून सापडलेला नाही.