एक लढाई, चार ग्रंथ: नागपूर आणि माहिती साक्षरतेचा इतिहास

१/ २६ नोव्हेंबर १८१७. नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर इंग्रज आणि अप्पासाहेब भोसले यांच्या फौजांची लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी इंग्रजांचा जय झाला. या लढाईविषयी आज जे सांगितले जाते, ते मुळात कोणी लिहून ठेवले? हे शोधण्याची विद्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कशी रुजली, त्याचा हा धागा.

२/ पहिला ग्रंथ रिचर्ड जेंकिन्स यांचा. नागपूर राज्यावरील त्यांचा अहवाल १८२७ साली छापला गेला. लढाईच्या वेळी जेंकिन्स हेच नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट होते. साक्षीदार अगदी जवळचा, परंतु तटस्थ नव्हे; तो जेत्यांच्या बाजूचा होता.

३/ दुसरा ग्रंथ, आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर, १९०८ सालचे. लढाईस तोवर ९१ वर्षे लोटली होती. गॅझेटियरे बहुधा आधीच्या सरकारी कागदांच्या आधारे सिद्ध होत. म्हणून दोन ग्रंथ एकच गोष्ट सांगतात एवढ्यावरून ती दोनदा सिद्ध होत नाही. दोघांचे मूळ एकच असू शकते.

४/ तिसरा, या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ (१९३४). ग्रंथ मराठी आहे, म्हणून बाजू आपोआप बदलत नाही. लेखकाने कोणते कागद पाहिले, हा प्रश्न येथेही उरतो. चौथा, १९५० च्या दशकात ह. ना. सिन्हा यांच्या संपादनाखाली निघालेले नागपूर रेसिडेन्सीच्या निवडक कागदपत्रांचे खंड. हे वाचकाला मुळाजवळ नेतात. मात्र ते दप्तरही रेसिडेन्सीचेच.

५/ अशी तुलना विद्यार्थ्याला शिकवणार कोण? हिस्लॉप आणि मॉरिस ही नागपूरची जुनी महाविद्यालये आरंभी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले; सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्या काळी अनेक ग्रंथालयांत पुस्तके कुलूपबंद कपाटांत असत. चिठ्ठी द्यावी, मिळेल ते घ्यावे, अशी रीत होती.

६/ नागपूर विद्यापीठ जेमतेम पाच महिन्यांचे असताना, जानेवारी १९२४ मध्ये, गणिताचे एक अध्यापक मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ते शि. रा. रंगनाथन. लंडनमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा आणि संदर्भसेवेचा पुरस्कार केला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, हे त्यांतील पहिल्याचे सार.

७/ नव्या विद्यार्थ्याला तालिका, वर्गीकरण आणि संदर्भग्रंथ यांची पद्धतशीर ओळख करून देणे, हे रंगनाथन संदर्भ ग्रंथपालाचे कर्तव्यच मानत. ‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग तेव्हा जन्मलाही नव्हता. तो १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी केला. म्हणजे नाव मिळण्यापूर्वीच ही विद्या भारतातील ग्रंथालयांत शिकवली जात होती. पुढे नागपूर विद्यापीठातही ग्रंथालयशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले.

८/ आज कपाटांची कुलुपे गेली आणि अडचण उलटी झाली: माहिती दुर्मीळ नाही, उदंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम ठरवला. त्यात वाङ्मयचौर्यापासून माहितीसंचांच्या वापरापर्यंतचे विषय आहेत. परंतु पीएच.डी.पर्यंत थांबण्याचे कारण नाही.

९/ सीताबर्डीविषयीचा एखादा संदेश उद्या मोबाइलवर आला, तर चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? केव्हा? कोणत्या आधारावर? आणि ज्याची बाजू येथे ऐकू येत नाही, त्याचे कागद कोठे आहेत?

१०/ चौथा प्रश्न सर्वांत अवघड. हरलेल्यांचे दप्तर बहुधा विखुरते, जिंकलेल्यांचे छापून निघते. शोधयंत्र जे छापले गेले तेच आधी पुढे करते. जे छापलेच गेले नाही, त्याचा माग कोठून काढावा, हे सांगायला आजही संदर्भकक्षातला ग्रंथपाल लागतो.