रोहिणखेडचा घाट आणि शांत घोडा

बुलढाणा जिल्ह्यांतील रोहिणखेडनें दोन मोठीं युद्धें पाहिलीं. 1437 मध्यें बहामनी सेनापति खलफ हसन ह्यानें खानदेशच्या नासीरखानाचा येथें पराभव केला. 1591 मध्यें बुऱ्हाण निजामशहाविरुद्ध लढतांना जमालखान येथेंच पडला.

अशा युद्धांत तरवारीचें वर्णन होतें, घोड्याचें क्वचितच. खलफ हसनाच्या परदेशी सैन्यांत घोडेस्वार तिरंदाज होते. धनुष्य ओढण्यास दोन्ही हात लागतात, म्हणजे लगाम सोडावा लागतो. त्या क्षणीं घोडा बिथरला, तर नेम चुकतो आणि प्राणहि जातो. म्हणून मांडीच्या नुसत्या दाबानें वळणारा, गलबल्यांत न बुजणारा घोडाच स्वाराची खरी ढाल.

असा घोडा जन्मत नाहीं, घडवावा लागतो. त्याला वर्तुळांत फिरवून मेहनत देण्यास आपल्याकडे ‘कावा’ म्हणतात: प्रथम सावकाश, मग दुडकी, मग भरधाव, दोन्ही अंगांनीं सारखें. शिकविणाऱ्यास चाबुकस्वार म्हणतात खरें. परंतु केवळ चाबकानें शिकलेला घोडा भितो, आणि भ्यालेला घोडा घाटाच्या उतारावर स्वारासह कोसळतो. चाबूक नांवांत असो. हातीं मात्र धीर हवा.