निल रिपोर्ट



फौजेत पहिल्या काही दिवसांतच एक गोष्ट अंगवळणी पडते. कळवण्यासारखं काही नसलं, तरी ‘काही नाही’ एवढं कळवावंच लागतं. त्याला निल रिपोर्ट म्हणतात. हा नियम मी नोकरीभर पाळला आणि निवृत्तीनंतर नेमका विसरलो. त्याकडे येतोच. आधी १८६५ च्या मुंबईत जाऊ.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर विसंबल्या. मुंबईत पैसा मावेना. नव्या बँका, नव्या वित्त कंपन्या निघू लागल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलायचा. समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात पोचला. एप्रिलमध्ये जनरल ली शरण आले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला, वायद्याचे सौदे पुरे करण्याच्या दिवशी, भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. (राजाबाई टॉवर याच प्रेमचंदांच्या देणगीतला. घड्याळ बघताना हे कुणाला आठवत नाही.)

आता कायद्याची बाजू बघा. १८५७ च्या कायद्यानं भागधारकाला मोठी सवलत दिली होती: मर्यादित जबाबदारी. कंपनी बुडाली तर शेअरचे पैसे जातील, घरदार जाणार नाही. पण मग कंपनीला उधार माल देणाऱ्यानं कुणाच्या दारात उभं राहायचं? त्याला निदान कंपनी कुणाची आहे, भांडवल किती आणि त्यातलं भरलेलं किती, हे तरी आधी कळायला हवं. इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्याच्या धर्तीवर आपल्याकडे १८६६ चा कायदा आला, आणि सभासदांची व भांडवलाची माहिती दरवर्षी निबंधकाकडे देण्याची शिस्त त्यातून रुजली. माझ्या मते हा जाच नव्हे, सवलतीचं भाडं आहे.

१९१३ च्या आणि १९५६ च्या कायद्यांनी ही चौकट पक्की केली. १९५६ च्या कायद्यात वार्षिक विवरणपत्र सभेनंतर ६० दिवसांत द्यायचं होतं. न दिल्यास दंड रोज ५० रुपयांपर्यंत. ठरलेली फी भरून कुणीही ते कागद पाहू शकतो, हे मला यातलं सर्वांत मोलाचं कलम वाटतं. पूर्वी त्यासाठी कचेरीत जावं लागे. २००६ पासून एमसीए-२१ या व्यवस्थेमुळे ते घरबसल्या दिसतात.

‘कागद भरून काय होतं, सत्यमनं भरले नव्हते का?’ असं लोक विचारतात. भरले होते, वेळेवर, लेखापरीक्षकांच्या सहीनिशी. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्रानं कबूल केलं की ताळेबंदातली रोकड व बँकशिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली आहे. पण ते खोटं सही करून दिलेलं होतं. तोंडी थाप हवेत विरते, सही केलेला ताळेबंद न्यायालयात वाचता येतो. २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

मग आलं २०१७. वर्षानुवर्षं विवरणपत्रं न देणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं नोंदवहीतून उडाली. सलग तीन वर्षं कागद न भरणाऱ्या कंपन्यांचे तीन लाखांहून अधिक संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरले. रोख बनावट कंपन्यांवर होता. त्यात आळशीही सापडले, आणि त्यांतला एक मी.

निवृत्तीनंतर दोन मित्रांबरोबर २०११ मध्ये सुरक्षा रक्षक पुरवणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड काढली होती. काम मिळालं नाही, कंपनी तशीच पडून राहिली. धंदाच नाही तर कळवायचं काय, असा आमचा हिशेब. अपात्रांच्या यादीत माझं नाव आहे हे दुसऱ्या एका मित्राच्या कंपनीत संचालक व्हायची वेळ आली तेव्हा कळलं. त्याच्या वकिलानं फोन करून अवघडत विचारलं, ‘सर, हे तुम्हीच का?’

२०१८ च्या सुरुवातीला सरकारनं विलंबमाफीची योजना आणली. ३०,००० रुपये त्या अर्जाचे, शिवाय प्रत्येक राहिलेल्या फॉर्मचं विलंब शुल्क वेगळं. आमच्या सीएंनी राहिलेल्या सगळ्या वर्षांचे फॉर्म समोर ठेवले. उलाढालीच्या रकान्यात प्रत्येक वर्षी शून्य. मी सह्या केल्या.